सांध्यांची हाक आणि श्रावकाचे कान

पहाटेच्या सामायिकासाठी आसनावर बसलेल्या आजींच्या हातातील जपमाळ पुढे सरकत नाही. मन नवकारात आहे, परंतु बोटांची पकड होत नाही. पेरे सुजलेली असतात, मूठ मिटत नाही. तासा-दीड तासाने ऊन वर येते, बोटे सैल होतात आणि आजी नेहमीच्या कामाला लागतात. मग तो विषय घरात निघत नाही. कोणी विचारलेच तर "वात आहे, वय झाले" एवढेच उत्तर मिळते. आजी स्वतः "असातावेदनीयाचा उदय आहे, भोगून संपवायचा" असे म्हणून विषय मिटवतात. पुढे काही वर्षांनी त्या प्रवचनाला अगदी पुढच्या रांगेत बसू लागतात, आणि तरीही घरी परतल्यावर सूनबाईंना विचारतात, "महाराज शेवटी काय म्हणाले गं?" घरातील मंडळी हसून म्हणतात, "आजींचे लक्षच नसते."

असे दृश्य अनेक घरांत दिसते. त्यातील दोन्ही गोष्टी, बोटांचा सकाळचा ताठरपणा आणि हळूहळू मंद होत जाणारी श्रवणशक्ती, वयाच्या खात्यावर टाकून दिल्या जातात. वैद्यकीय संशोधनाने मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत या दोहोंविषयी एकच गोष्ट वारंवार दाखवून दिली आहे. शरीर फार लवकर, फार हलक्या आवाजात हाक देते. ती वेळेवर ऐकली तर पुष्कळ काही वाचते.

जैन जीवविचारात जीवांची गणना इंद्रियांच्या संख्येवरून होते. पृथ्वी, पाणी, वनस्पती या एकेंद्रिय जीवांना केवळ स्पर्श आहे. कृमीला स्पर्श आणि रस, मुंगीला त्याशिवाय गंध, भ्रमराला चक्षूही आहे. श्रोत्रेंद्रिय सर्वांत शेवटी येते. ते लाभले की जीव पंचेंद्रिय होतो. 'श्रावक' हा शब्दच मुळी 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झालेला आहे. जो जिनवाणी ऐकतो तो श्रावक. मग ज्या श्राविकेचे हात माळ धरू शकत नाहीत आणि कान वाणी धरू शकत नाहीत, तिच्या या दोन इंद्रियांची काळजी हा केवळ शरीराच्या लाडाचा प्रश्न राहत नाही.

सर्व सांधेदुखी एक नव्हे

गुडघे झिजल्याने होणारी सांधेदुखी आणि रूमेटॉइड आर्थ्रायटिस हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात दिवसभराच्या श्रमाने दुखणे वाढते आणि विश्रांतीने कमी होते. दुसऱ्यात उलट घडते. रात्रभराच्या विश्रांतीनंतर सकाळी सांधे आखडतात आणि हालचाल सुरू झाल्यावर हळूहळू मोकळे होतात. हा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक, बहुधा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, मनगटे, पायांच्या बोटांचे मूळ अशा लहान सांध्यांत सूज येते. ती सामान्यतः दोन्ही बाजूंना सारखी असते. थकवा, बारीक ताप, वजन घटणे हेही त्यासोबत येते.

मराठी घरांत या आजाराला आमवात म्हणतात. आयुर्वेदातील माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे आणि त्याची तुलना या आजाराशी नेहमी केली जाते. जगात सुमारे दर २०० ते १०० व्यक्तींमागे एकाला हा विकार होतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दोन ते तीन पट आहे. तो म्हातारपणाचाच आजार आहे ही समजूत चुकीची आहे. तिशी ते पन्नाशीतील कर्त्या स्त्रियांनाही तो मोठ्या संख्येने गाठतो. म्हणूनच "वय झाले" हे उत्तर येथे धोक्याचे ठरते. सांध्यातील हाडाची झीज पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार सुरू झाले तर मात्र सांधे मोठ्या प्रमाणात वाचवता येतात.

रक्षकच घरात शिरले तर

शरीरात रोगजंतूंशी लढण्यासाठी पेशींची एक मोठी सेना आहे. त्यातील टी पेशी शत्रू ओळखतात व इतरांना आज्ञा देतात. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. भक्षक पेशी जंतूंना गिळतात आणि दाह निर्माण करणारी रसायने सोडतात. या सेनेला आपले आणि परके यांचा भेद शिकवलेला असतो. रूमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये हा विवेक हरपतो. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असते. ते वंगणासारखा द्रव पाझरवते. या अस्तरात टी, बी व भक्षक पेशी ठाण मांडतात. ते सुजून जाड होते आणि शेजारच्या कूर्चेला व हाडाला पोखरू लागते.

या गोंधळाची पहिली खूण रक्तात सापडली. नॉर्वेतील एरिक वालर यांनी १९४० मध्ये आणि न्यूयॉर्कमधील हॅरी रोज यांनी १९४८ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तातील एका विशिष्ट प्रतिपिंडाचे वर्णन केले. त्यालाच पुढे रूमेटॉइड फॅक्टर हे नाव मिळाले. आज त्याच्या जोडीला अँटी-सीसीपी ही अधिक नेमकी चाचणी केली जाते. ही प्रतिपिंडे काही व्यक्तींच्या रक्तात दुखणे सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून असतात. म्हणजे बोट दुखण्यापूर्वीच आतील सेना बिघडलेली असते. धूम्रपानाने हा धोका वाढतो, हेही अनेक अभ्यासांतून निश्चित झाले आहे.

काविळीपासून कॉर्टिझोनपर्यंत

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये काम करणारे डॉ. फिलिप हेंच यांनी १९२९ मध्ये एक विचित्र गोष्ट पाहिली. आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे थांबले. गर्भवती स्त्रियांतही असाच आराम पडतो, हे त्यांच्या ध्यानी आले. याचा अर्थ शरीरातच या दाहाला शमवणारे काही द्रव्य असले पाहिजे. जवळजवळ २० वर्षांच्या शोधानंतर सप्टेंबर १९४८ मध्ये २९ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिझोनचे इंजेक्शन देण्यात आले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना केंडॉल आणि राइखस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

आनंद फार काळ टिकला नाही. जास्त मात्रेत व दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग होतो, हे लवकरच दिसले. आजही हे औषध वापरतात, पण कमीत कमी मात्रेत आणि शक्य तितक्या थोड्या काळासाठी. संपूर्ण सेना झोपवण्यापेक्षा बिघडलेल्या भागालाच आवरणारे औषध हवे, हा धडा संशोधकांनी त्यातून घेतला.

पुढील महत्त्वाच्या औषधाच्या मुळाशी एका भारतीयाचे श्रम आहेत. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने फॉलिक अॅसिड कृत्रिमरीत्या तयार केले आणि त्याच्या कार्याला अडवणारी द्रव्येही बनवली. त्यांपैकी मेथोट्रेक्सेट हे आधी कर्करोगावर वापरले जाऊ लागले. अगदी अल्प मात्रेत ते आमवातावर गुणकारी आहे, हे १९८० च्या दशकातील चाचण्यांनी सिद्ध केले. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. आज जगभर हे औषध उपचाराचा पाया मानले जाते आणि ते स्वस्तही आहे. सुब्बाराव मात्र ते यश पाहण्यासाठी हयात नव्हते. त्यांचे निधन १९४८ मध्येच झाले होते.

एक रसायन आणि ७३ रुग्ण

लंडनमधील केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी हे दोघे सांध्याच्या अस्तरातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून अभ्यासत होते. मैनी यांचा जन्म लुधियानाचा. या पेशी अनेक दाहक रसायने सोडतात. त्यांतील कोणते रसायन इतरांना चालना देते, हा त्यांचा प्रश्न होता. टीएनएफ नावाचे रसायन अडवले की इतरही थंडावतात, असे त्यांना आढळले. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात २० रुग्णांना टीएनएफ अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब देण्यात आले. त्यांपैकी बहुतेकांना इतर औषधांनी गुण आला नव्हता. परिणाम उत्साहवर्धक होता.

तरीही संशोधक तेथे थांबले नाहीत, आणि श्रावकाने विशेष ध्यानात घ्यावे असे येथेच आहे. रुग्णाला बरे वाटावे अशी इच्छा असते आणि डॉक्टरलाही आपले औषध लागू पडावे असे वाटते. दोन्ही दृष्टी प्रामाणिक असल्या तरी एकांगी आहेत, अनेकांताच्या भाषेत तो एकेक नय होय. म्हणून पुढची चाचणी ७३ रुग्णांवर अशा रीतीने घेण्यात आली की कोणाला खरे औषध मिळाले आणि कोणाला औषध नसलेले द्रावण मिळाले, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. चार आठवड्यांनी हिशेब झाला. औषध नसलेल्या गटात २४ पैकी २ जणांना, कमी मात्रेच्या गटात २५ पैकी ११ जणांना आणि जास्त मात्रेच्या गटात २४ पैकी १९ जणांना निश्चित आराम पडला होता. १९९४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आमवाताच्या उपचारांचे नवे युग सुरू झाले.

या औषधांची दुसरी बाजूही चाचण्यांनी आणि पुढील अनुभवाने दाखवली. टीएनएफ हे रसायन क्षयाच्या जंतूंना शरीरात बंदिस्त ठेवण्याचे कामही करते. ते अडवल्यास सुप्त क्षय जागा होऊ शकतो. म्हणून भारतासारख्या देशात हे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी आवश्यक असते. ती टाळण्याचा आग्रह कोणी धरू नये.

बी पेशी, टी पेशी आणि पेशींची शिरगणती

लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जोनाथन एडवर्ड्स यांनी वेगळा विचार मांडला. प्रतिपिंडे बी पेशींच्या घराण्यातून येतात, तर त्या पेशीच काही काळ दूर केल्या तर? १६१ रुग्णांच्या चाचणीत केवळ मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांना, तर मेथोट्रेक्सेटसोबत बी पेशींवर काम करणारे रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांना २४ आठवड्यांनी लक्षणांत निम्म्याने किंवा त्याहून जास्त सुधारणा झाली. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. टी पेशींना मिळणारी चिथावणी रोखणारे अबॅटासेप्ट हे औषधही पुढच्याच वर्षी अमेरिकेत मान्य झाले.

एवढी औषधे असूनही एकाला जे लागू पडते ते दुसऱ्याला पडत नाही. रुग्णाला महिनोन्महिने एकामागून एक औषध करून पाहावे लागते आणि तेवढ्या काळात सांधे झिजतात. याचे कारण शोधण्यासाठी आता सांध्याच्या अस्तरातील एकेका पेशीची शिरगणती केली जाते. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७९ व्यक्तींच्या अस्तरातील ३ लाख १४ हजारांहून अधिक पेशी तपासण्यात आल्या. त्यावरून या आजाराचे सहा निरनिराळे पेशीगट दिसून आले. कोणाच्या सांध्यात टी व बी पेशींची गर्दी आहे, कोणाच्या सांध्यात भक्षक पेशींची. बाहेरून सूज सारखी, आतील कारण वेगळे.

या ज्ञानाचा उपयोग करून औषध निवडता येईल का, याचीही चाचणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६४ रुग्णांच्या एका युरोपीय अभ्यासात ज्यांच्या अस्तरात बी पेशी कमी आहेत अशांना रिटुक्सिमॅब आणि टोसिलिझुमॅब यांपैकी एक औषध देण्यात आले. केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केलेल्या वर्गीकरणात दोन औषधांत ठाम फरक दिसला नाही. पेशींतील जनुकांच्या हालचाली मोजून केलेल्या वर्गीकरणात मात्र ३६ टक्के विरुद्ध ६३ टक्के असा फरक आढळला. हे तंत्र अजून रोजच्या उपचारात आलेले नाही, परंतु दिशा स्पष्ट आहे.

आणखी एक पाऊल पुढचे आहे. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत, सांधे दुखतात, पण सूज अजून आलेली नाही, अशा ब्रिटन व नेदरलँड्समधील २१३ व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांना वर्षभर अबॅटासेप्ट देण्यात आले. वर्षाअखेर औषध घेणाऱ्यांपैकी ६ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी २९ टक्के व्यक्तींना प्रत्यक्ष आजार जडला. औषध थांबवल्यावर आणखी एका वर्षाने हे प्रमाण २५ आणि ३७ टक्के झाले. याचा अर्थ आजार पूर्णपणे टळला असे नाही, परंतु तो लांबवता येतो हे २०२४ मध्ये प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आले. पहिल्या हाकेला ओ देण्याचे मोल यातून कळते.

कानातही सांधे आहेत

आता दुसऱ्या इंद्रियाकडे वळू. कानाच्या पडद्याआड हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडे आहेत. ती एकमेकांना सांध्यांनी जोडलेली असतात आणि त्या सांध्यांनाही बोटांच्या सांध्यांसारखेच अस्तर असते. त्यामुळे आमवाताचा दाह तेथेही पोहोचू शकतो. त्याहून आत गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला कॉक्लिया आहे. त्यात सुमारे १५ हजार केसपेशी ध्वनीचे रूपांतर विद्युत संदेशांत करतात. दाहामुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. केसपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा येत नाहीत.

आमवाताच्या रुग्णांची श्रवणचाचणी निरोगी व्यक्तींच्या चाचणीशी ताडून पाहणाऱ्या अनेक अभ्यासांत रुग्णांमध्ये आतल्या कानाचे बहिरेपण अधिक प्रमाणात आढळले आहे. काही औषधेही याला हातभार लावतात. अॅस्पिरिन मोठ्या मात्रेत घेतल्यास कानात गुणगुण होते व ऐकू कमी येते. औषध थांबवल्यावर ते बहुधा सुधारते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे क्वचित कानावर परिणाम होतो. डोळ्यांची नियमित तपासणी तर ते घेणाऱ्या प्रत्येकाने करावयाचीच असते. रोगप्रतिकारक पेशी थेट आतल्या कानावर हल्ला करतात असाही एक विरळ विकार आहे. अमेरिकेतील ब्रायन मॅकेब यांनी १९७९ मध्ये १८ रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले. आतल्या कानाचे बहिरेपण सहसा औषधाने सुधारत नाही, हा विकार मात्र वेळेवर उपचार झाल्यास सुधारू शकतो. म्हणूनच तो ओळखणे मोलाचे आहे.

श्रवणाची परीक्षा

कानाच्या तपासणीला लोक भितात, परंतु तिच्यात सुई नाही, वेदना नाही, उपवास मोडण्याचेही कारण नाही. प्रथम डॉक्टर कानात मळ आहे का ते पाहतात. कित्येकांचे बहिरेपण तेवढ्यानेच दूर होते. मग नादकाट्याने दोन जुन्या चाचण्या घेतात. वेबर यांनी १८३४ मध्ये आणि रिने यांनी १८५५ मध्ये वर्णिलेल्या या चाचण्यांवरून दोष मधल्या कानात आहे की आतल्या, याचा अंदाज येतो.

त्यानंतर ध्वनिरोधक खोलीत शुद्ध स्वरांची चाचणी होते. कानांवर हेडफोन लावतात, निरनिराळ्या पट्टीतील स्वर हळूहळू मंद करत ऐकवतात आणि अगदी पुसटसा ऐकू आला तरी बटण दाबण्यास सांगतात. हीच चाचणी कानामागील हाडावर कंपन देऊनही घेतात. दोन्हींतील अंतर पाहून दोष हाडांच्या साखळीत आहे की कॉक्लियात, हे कळते. त्याचा जो आलेख होतो तो ऑडिओग्राम. कानाच्या पडद्याची लवचीकता मोजणारी टिम्पॅनोमेट्री काही क्षणांत होते. निरोगी कान स्वतःही अतिशय सूक्ष्म ध्वनी उत्सर्जित करतो, हे लंडनचे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. तो ध्वनी टिपून आज दोन दिवसांच्या बालकाचीही श्रवणक्षमता तपासता येते, कारण त्यासाठी बालकाला उत्तर द्यावे लागत नाही.

बहुतेकांच्या बाबतीत वयोमानाने आधी उंच पट्टीतील ध्वनी कमी होतात. स, श, फ यांसारखी व्यंजने तेथेच असतात. म्हणून आजींना आवाज ऐकू येतो, पण शब्द समजत नाही. पंख्याच्या आवाजात किंवा सभागृहाच्या घुमणाऱ्या ध्वनिक्षेपकातून तर मुळीच समजत नाही. "लक्ष नसते" असे म्हणणाऱ्या घराने एकदा आलेख पाहिला तर हा आरोप पुन्हा होणार नाही.

ऐकण्याचा संबंध स्मृतीशीही आहे. अमेरिकेतील ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींवर झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. श्रवणयंत्र व मार्गदर्शन मिळालेल्यांत सरसकट पाहता बुद्धीची घसरण कमी झालेली आढळली नाही. मात्र ज्यांना मुळातच घसरणीचा धोका अधिक होता, अशा गटात ती सुमारे ४८ टक्क्यांनी मंदावली. श्रवणयंत्र हा म्हातारपणाचा डाग नसून चष्म्यासारखेच साधन आहे, हे आता घराघराने स्वीकारावे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाने १९८३ पासून वाणी व श्रवण विषयाची राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील कान-नाक-घसा विभागांतही श्रवणतपासणीची सोय असते. एक सूचना मात्र तातडीची आहे. एका-दोन दिवसांत एखादा कान अचानक बंद झाला तर सर्दी समजून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तेथे दिवसांवर उपचाराचे यश अवलंबून असते.

व्रत, औषध आणि अहिंसा

जैन घरांत आणखी काही प्रश्न उभे राहतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. चुकून ते रोज घेतले गेल्याने जीवघेणे प्रसंग ओढवलेले आहेत. घरातील एका व्यक्तीने तो वार कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावा. सोबत फॉलिक अॅसिड आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी आवश्यक असते. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने हे औषध घेत असल्यास आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण गर्भावस्थेत ते चालत नाही.

अठ्ठाई, वर्षीतप किंवा आयंबिलाची ओळी करण्यापूर्वी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांशी बोलावे. नियमित स्टेरॉइड घेणाऱ्याने ते एकाएकी बंद करणे प्राणावर बेतू शकते. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी घेतल्यास जठराला व मूत्रपिंडाला इजा होते. चौविहार पाळणाऱ्यांना रात्रीची मात्रा सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे विचारल्यास बहुधा मार्ग निघतो. केवळ शाकाहार करणाऱ्यांत बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते आणि तिच्यामुळेही हातापायांना मुंग्या येतात. तेव्हा ती तपासणीही करून घ्यावी.

अहिंसेच्या दृष्टीने येणारा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिक हवे. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही रासायनिक औषधे आहेत. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असल्यास गोळीच्या रूपातील पर्याय मागता येतो. पेशींवर काम करणारी अनेक नवी औषधे प्रयोगशाळेत जिवंत पेशींत तयार होतात. त्यांपैकी एक प्रसिद्ध पेशीवंश १९५७ मध्ये एका उंदीरवर्गीय प्राण्यापासून मिळवलेला असून तो तेव्हापासून वाढवला जात आहे. प्रत्येक मात्रेसाठी नवा प्राणी मारला जात नाही, परंतु संशोधनाच्या वाटेवर प्राण्यांवर प्रयोग झालेले आहेत, हेही सत्य आहे. या दोन्ही गोष्टी जाणून, डॉक्टर आणि गुरुमहाराज यांच्याशी बोलून ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. अज्ञानातून औषध नाकारणे किंवा अज्ञानातून घेणे, दोन्ही विवेकाचे नाहीत.

एखाद्या रुग्णालयात नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली तर घाबरून जाऊ नये आणि भारावूनही जाऊ नये. भारतात २००९ पासून अशा चाचण्यांची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करणे बंधनकारक आहे आणि २०१९ च्या नियमांनी सहभागी व्यक्तीचे हक्क स्पष्ट केले आहेत. संमतीपत्र मराठीत मागावे, घरी आणून वाचावे, प्रश्न विचारावेत. सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपचारांत बाधा येता कामा नये. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूदही आहे. जी ७३ माणसे १९९४ च्या त्या चाचणीत होती, त्यांच्यापैकी २४ जणांनी औषध नसलेले द्रावणही स्वीकारले. आज लाखो लोकांना त्याचे फळ मिळत आहे. तोही एक प्रकारचा अनामिक दानधर्मच होता.

शास्त्रांत साधूंसाठी २२ परीषह सांगितले आहेत आणि रोग हा त्यांपैकी एक आहे. समभावाने सहन करणे ही मोठी साधना होय. परंतु सहन करणे आणि दुर्लक्ष करणे या भिन्न गोष्टी आहेत. उदयाला आलेले कर्म शांतपणे भोगत असतानाही त्यावर उपाय करण्यास शास्त्राने गृहस्थाला मनाई केलेली नाही. औषधदान तर चार दानांत गणले आहे.

तेव्हा उद्या सकाळी घरातील आजी, आई किंवा मावशी यांना दोन प्रश्न विचारावेत. "सकाळी मूठ मिटते का? मिटायला किती वेळ लागतो?" आणि "प्रवचनातले शब्द समजतात का, की नुसता आवाज येतो?" उत्तर ऐकण्यासाठी क्षणभर जवळ बसावे. माळ पुन्हा बोटांतून सरकेल, वाणी पुन्हा कानी पडेल. त्याची सुरुवात घरातील इतर श्रावकांनी आधी ऐकण्यापासून होते.